जुन्या थार-डस्टरचं काळं प्लास्टिक पांढरट का पडतं? ते पुन्हा काळं कसं करायचं?

दहा-बारा वर्षं जुनी जीप किंवा एसयूव्ही नीट पाहिली, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. पत्र्याचा रंग अजून बरा असतो, इंजिन ठणठणीत असतं, पण बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालची क्लॅडिंग आणि वायपरखालची जाळी मात्र राखाडी पडलेली असते. २०१० मध्ये आलेली पहिली महिंद्रा थार असो की २०१२ मध्ये भारतात आलेली रेनो डस्टर, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची ही तक्रार सारखीच आहे.

यावर उपाय विचारला की प्रत्येक जण वेगळं सांगतो. वॉशिंग सेंटरवाला डिझेलचा हात मारून देतो. कोणी खोबरेल तेल सुचवतं, कोणी हीट गनचा व्हिडिओ पाठवतं, तर डिटेलिंगच्या दुकानात सिरॅमिक कोटिंगचा दर सांगितला जातो. यातले काही उपाय पुसून टाकता येतात. काही मात्र एकदा केले की मागे फिरता येत नाही. त्यामुळे आधी काय बिघडलंय ते समजून घेणं आणि मग पैसे खर्च करणं, हा क्रम महत्त्वाचा आहे.

हे प्लास्टिक नेमकं कोणतं असतं?

गाडीच्या बाहेरच्या बाजूचं रंग न दिलेलं, खरखरीत पोताचं काळं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं. ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात रबरासारखा घटक मिसळतात आणि आकार टिकावा म्हणून टाल्कची पूड घालतात. भाग काढून त्याची मागची बाजू पाहिली, तर साच्यातच उमटवलेली 'पीपी' किंवा 'पीपी + ईपीडीएम' अशी खूण बऱ्याचदा सापडते.

ग्रिल किंवा आरशांची कव्हर काही गाड्यांमध्ये एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची असतात. काही ठिकाणी प्लास्टिकवर काळा रंग दिलेला असतो. काचेभोवतीचं बीडिंग हे तर प्लास्टिक नसून रबर असतं. या प्रत्येकाला एकच औषध चालत नाही.

ओळखायची सोपी पद्धत म्हणजे भागाची आतली कड पाहणं. कड आतपर्यंत काळीच असेल, तर काळेपणा प्लास्टिकमध्येच मिसळलेला आहे. पापुद्रे सुटत असतील आणि खाली वेगळा थर दिसत असेल, तर तो रंग आहे. अशा भागाला प्लास्टिक काळं करणारं द्रव्य लावून उपयोग नाही. तो घासून पुन्हा रंगवावा लागतो.

काळं प्लास्टिक पांढरट का दिसतं?

याचं मुख्य कारण सूर्यप्रकाशातले अतिनील किरण. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळीत ठरावीक अंतरावर असे कार्बन अणू असतात, ज्यांच्याशी जोडलेला हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. अतिनील किरण आणि उष्णता मिळाली की तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि साखळी तुटायला लागते.

कंपन्यांना हे माहीत असतं. म्हणून प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड घालतात. ती रंगही देते आणि अतिनील किरण शोषूनही घेते. घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि शेतातले एचडीपीई पाइप काळे असण्यामागेही हेच कारण आहे. त्याशिवाय प्लास्टिक टिकवणारी इतर रसायनंही घातली जातात. पण वर्षानुवर्षांच्या उन्हात ती पृष्ठभागाजवळ संपत जातात.

मग वरच्या अगदी पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. खालची टाल्क आणि रंगाचे कण उघडे पडतात. या ओबडधोबड थरावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला तो पांढरट दिसतो. म्हणजे बहुतेक वेळा काळा रंग 'उडालेला' नसतो. तो खराब झालेल्या थराखाली झाकलेला असतो.

याचा पुरावा पावसाळ्यात मिळतो. भिजलेली गाडी नव्यासारखी काळी दिसते, कारण पाणी त्या बारीक भेगांमध्ये भरतं आणि प्रकाश विखुरणं कमी होतं. वाळली की पुन्हा राखाडी.

महाराष्ट्रात या प्रक्रियेला पोषक हवा आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा काळा पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो. कोकणात ऊन, दमट हवा आणि खारं वारं एकत्र येतात. त्यात धुण्याचा तीव्र सोडा किंवा चाकं साफ करायचं आम्लयुक्त लिक्विड वारंवार वापरलं, तर वरचा थर आणखी लवकर जातो.

आधी निदान: चार तपासण्या

खर्च करण्याआधी पाच मिनिटं काढून या गोष्टी पाहाव्यात.

१. पाण्याची तपासणी: भाग धुऊन ओला करा. ओला असताना एकसारखा काळा दिसला, तर खराबी वरवरची आहे आणि तो परत काळा होण्याची शक्यता चांगली आहे. ओला असतानाही डाग किंवा राखाडी पट्टे तसेच राहिले, तर जुन्या पॉलिशचा थर तरी आहे किंवा नुकसान खोल आहे.

२. बोटाची तपासणी: कोरड्या भागावर बोट घासा. खडूसारखी पूड लागली, तर ती मेलेल्या प्लास्टिकची पूड आहे. ती काढल्याशिवाय वर काहीही लावलं तरी टिकणार नाही.

३. नखाची तपासणी: नखाने टोकरल्यावर पांढरा थर निघत असेल, तर ते बहुधा गाडीच्या रंगाला लावताना पोतात अडकलेलं पॉलिश किंवा वॅक्स आहे. हे फिकटपण नव्हे, निव्वळ मळ आहे, आणि साफसफाईने जातं.

४. भेगांची तपासणी: उजेडात तिरकं पाहा. सुकलेल्या तळ्यातल्या मातीसारखं भेगांचं जाळं दिसत असेल, किंवा दाबल्यावर कट् आवाज येत असेल, तर प्लास्टिक ठिसूळ झालं आहे. अशा भागावर काळं करण्याचा खर्च करू नये. तो बदलावा.

उपाय कोणते, आणि ते किती टिकतात?

ड्रेसिंग: दुकानात 'डॅशबोर्ड पॉलिश' किंवा 'टायर शायनर' म्हणून मिळणारी बरीच द्रव्यं सिलिकॉन तेलावर आधारलेली असतात. ती भेगांमध्ये पाण्यासारखी भरतात आणि प्लास्टिक काळं दिसतं. फरक इतकाच की पाणी तासाभरात उडतं आणि तेल काही दिवस ते काही आठवडे टिकतं. चकाकी जास्त, धूळ चिकटते, मोठा पाऊस झाला की उतरतं. पाण्यावर आधारलेली, अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी ड्रेसिंग तुलनेने बरी. ती तेलकट राहत नाहीत, पण त्यांचाही हात नियमित मारावा लागतो. गाडी अजून फार फिकट झालेली नसेल, तर हा पर्याय पुरेसा आहे.

रंगद्रव्य असलेलं ट्रिम रिस्टोरर: यात काळं रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारं रेझिन असतं. हे पोतात मुरतं आणि ड्रेसिंगपेक्षा बरंच जास्त, काही महिने टिकतं. राखाडी झालेल्या जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त फरक यानेच दिसतो. पण ते पत्र्याच्या रंगावर किंवा हातावर सांडलं तर डाग पडतो.

सिरॅमिक ट्रिम कोटिंग: हे लावल्यावर हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊन पातळ, कडक थर तयार होतो. तो धुण्याने जात नाही आणि नीट लावला तर एक-दोन वर्षं टिकू शकतो. बाटली ३० ते ५० मिलिलिटरची असते, पण एका गाडीच्या प्लास्टिकला साधारण तेवढी पुरते. अडचण अशी की खालची साफसफाई कमी पडली, तर मळासकट थर पक्का होतो आणि पट्टे राहिले तर ते सहज पुसता येत नाहीत.

हीट गन: राखाडी बंपरवर गरम हवा मारली की तो डोळ्यांसमोर काळा होतो. व्हिडिओंमध्ये 'आतलं तेल वर येतं' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात वरचा भेगाळलेला थर मऊ होऊन वितळतो आणि सपाट होतो, म्हणून प्रकाश विखुरणं थांबतं. पण संपलेली संरक्षक रसायनं त्याने परत येत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांत तेच प्लास्टिक पुन्हा पांढरट पडतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. हीट गनची हवा याच्या कितीतरी पुढे जाते. हात दोन सेकंद जास्त थांबला, तर पोत पुसला जातो, कड वाकते, शेजारचा रंग फुगतो किंवा काच तडकू शकते. हा उपाय गाडीवर करूच नये. करायचाच असेल, तर भाग काढून, मागच्या बाजूला आधी प्रयोग करून, मोकळ्या हवेत करावा.

रंग देणं: पेंटर 'काळा मारून देतो' म्हणतो, तेव्हा एकच प्रश्न विचारावा: खाली प्लास्टिक प्रायमर कोणता मारणार? पॉलिप्रॉपिलीनला सहजासहजी काहीच चिकटत नाही. त्यासाठी खास अ‍ॅढेजन प्रमोटर लागतो आणि वर लवचीक रंग लागतो. नेहमीचा पत्र्याचा रंग थेट मारला, तर पहिल्या उन्हाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. शिवाय रंग दिला की मूळ पोत गेला. पुढच्या प्रत्येक वेळी रंगच द्यावा लागतो.

भाग बदलणं: छोट्या भागांसाठी, विशेषतः वायपरखालची जाळी, आरशाचं कव्हर किंवा दाराचं हँडल, हा पर्याय अनेकदा रिस्टोररच्या बाटलीइतकाच परवडतो. डीलरकडे जाण्याआधी जुन्या भागाच्या मागचा पार्ट नंबर टिपून न्यावा. एकच कमान बदलली, तर ती बाकीच्या तीन कमानींपेक्षा वेगळी काळी दिसेल, हे मात्र गृहीत धरावं.

घरी करायचं असेल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि पत्रा तापलेला नसतो. पावसाळ्यात पोतातलं पाणी पूर्ण वाळत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात द्रव्य पसरवायच्या आधीच सुकतं.

१. गाडी नेहमीसारखी धुऊन घ्या. मग प्लास्टिकवर ऑल पर्पज क्लीनर, बाटलीवर सांगितल्याइतकं पाणी घालून, मारा. ते नसेल तर भांडी घासायचं सौम्य लिक्विड चालेल.

२. मऊ ब्रशने पोताच्या सगळ्या दिशांनी घासा. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश उत्तम. फेस मळकट यायचा थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा.

३. स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. फटींमधलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून घाई असेल तर ब्लोअर वापरा.

४. शेजारचा रंग आणि काच मास्किंग टेपने झाका.

५. आयसोप्रॉपिल अल्कोहोल कापडावर घेऊन प्लास्टिक पुसा. उरलेला तेलकटपणा निघतो. हे ज्वलनशील आहे. बंद गॅरेजमध्ये, गरम इंजिनाजवळ किंवा सिगारेट हातात घेऊन हे काम करू नये.

६. आधी मागच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, मधोमध टेप लावून, एका अर्ध्यावरच रिस्टोरर लावा. दुसऱ्या दिवशी पाहा. काळेपणा पटला तरच पुढे जा.

७. हातमोजे घालून, स्पंजवर थोडंच द्रव्य घेऊन, एका वेळी एक भाग करा. थर पातळ ठेवा. जास्तीचं मायक्रोफायबर कापडाने लगेच पुसा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले.

८. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत, साधारणपणे किमान एक दिवस, गाडी पाणी आणि धुळीपासून दूर ठेवा.

फूटस्टेप, पेडल, स्टीअरिंग आणि हात धरायच्या कड्या यांना कुठलंही चकाकी देणारं द्रव्य लावू नये. उंच जीपमध्ये चढताना ओल्या, सिलिकॉन लावलेल्या फूटस्टेपवरून पाय घसरणं ही खरी जोखीम आहे.

काय लावू नये?

- डिझेल, रॉकेल, जळकं इंजिन ऑइल: काही दिवस काळं दिसतं, मग धूळ चिकटून पेस्ट होते. तेलामुळे शेजारचं रबर फुगतं आणि सैल पडतं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये त्वचेला घातक घटकही असतात.
- खोबरेल तेल: तात्पुरतं चालतं, पण खवट होतं, मळ धरतं, आणि पुढे खरं काम करायचं ठरवलं की आधी ते काढण्यातच वेळ जातो.
- बूट पॉलिश: पहिल्याच पावसात ओघळ पत्र्यावर उतरतात.
- थिनर आणि पेट्रोल: थिनर एबीएस प्लास्टिक आणि रंग दोन्ही विरघळवू शकतो. पेट्रोलच्या वाफा पेट घेतात.

सेकंडहँड गाडी घेताना हे प्लास्टिक काय सांगतं?

जुनी थार, सफारी किंवा डस्टर पाहायला जाल, तेव्हा प्लास्टिक चकचकीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. विक्रीच्या आदल्या दिवशी मारलेला सिलिकॉनचा हात फोटोत आणि पहिल्या भेटीत गाडीचं वय कमी करतो. मालकाची परवानगी घेऊन एका कोपऱ्यात पांढरं कापड ओलं करून घासा. कापड तेलकट किंवा काळं झालं, तर खालचा खरा रंग काय आहे ते विचारा.

एकसारखं फिकटलेलं प्लास्टिक हा दोष असला, तरी तो प्रामाणिक दोष आहे. गाडी उन्हात उभी राहिली, एवढंच तो सांगतो. पण तीन कमानी राखाडी आणि एकच गडद काळी असेल, तर ती बदललेली आहे. का बदलली, हा प्रश्न विचारायलाच हवा. मग त्या बाजूच्या पत्र्याची फट, दाराचं बसणं आणि चॅसिसवरची वेल्डिंगची खूण नीट पाहावी. कधी कधी इतकंच कळतं की कोणीतरी गेटला घासली होती. कधी मोठा अपघात समोर येतो.

फिकट बंपरऐवजी लोखंडी बंपर लावला तर?

अनेक जण कंटाळून प्लास्टिकचा बंपर काढून लोखंडी ऑफ-रोड बंपर किंवा बुलबार बसवतात. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. असे बार बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, असं त्यात म्हटलं होतं. पादचाऱ्याला धडक बसली, तर प्लास्टिक दबतं, लोखंड दबत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत धक्क्याची जाणीव करून देणाऱ्या सेन्सरच्या कामातही अशा बारमुळे अडथळा येऊ शकतो. काळं प्लास्टिक पुन्हा काळं करण्यात मात्र कायद्याची काही अडचण नाही.

मग निवड कशी करायची?

पोतात फक्त पॉलिश अडकलं असेल, तर चांगली साफसफाई पुरे. किंचित फिकट असेल, तर पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग महिन्या-दोन महिन्यांनी. राखाडी पण भेगा नसलेलं असेल, तर रंगद्रव्याचं रिस्टोरर किंवा सिरॅमिक ट्रिम कोटिंग. पापुद्रे सुटत असतील, तर योग्य प्रायमरसह रंग. भेगा असतील, तर नवीन भाग.

त्यानंतर टिकवणं सोपं आहे. सावलीत लावणं, तीव्र सोडा टाळणं आणि पत्र्याला पॉलिश करताना प्लास्टिकवर टेप मारणं, एवढ्या तीन सवयी पुरतात. आणि पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरवर "साहेब, डिझेल मारू का?" असं विचारलं, तर सरळ नको म्हणा.